बोन्साय मंडळाचे एक वर्ष आणि खेड्यातील रोपवाटिका

बोन्साय म्हटले, की खेड्यातील माणसाच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटते. वड असावा तो चावडीपुढे, त्याच्या पारावर गावाने बसावे. तो तबकात घालून दिवाणखान्यात मांडण्याचा उद्योग शहरातील रिकाम्या माणसांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि पुणे, मुंबई, नाशिक यांसारख्या शहरांतून चालणाऱ्या बोन्साय मंडळांचे वर्षभराचे काम बारकाईने पाहिले, तर रोपवाटिकाधारकाने, फळबागायतदाराने आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने उचलण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. त्याचबरोबर डोळ्यांत तेल घालून टाळण्याजोगेही काही आहे. हसून सोडून द्यावा इतका हा विषय हलका नाही.

'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. ही कला मूळची चीनमधील. जपानात ती गेली व तेथे तिला आजचे रूप आले. मराठीत तिला वामनवृक्ष असे सुरेख नाव मिळाले आहे. या कलेविरुद्ध नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की झाडाला उपाशी ठेवून खुरटविले जाते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उपाशी ठेवलेले झाड लहान राहत नाही, ते मरते. तबकातील झाड लहान राहते ते वरून शेंड्याची व खालून मुळांची वेळच्या वेळी छाटणी होते म्हणून. खत आणि पाणी त्याला इतर कोणत्याही कुंडीतल्या झाडापेक्षा अधिक काटेकोरपणे द्यावे लागते. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत वाढविला जात आहे. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो त्याच शहरात होता आणि वाचला. मासारू यामाकी यांनी १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. जुलूम सोसून कोणतेही झाड पावणेचारशेहून अधिक वर्षे जगत नसते. पिढ्यान्पिढ्या कोणीतरी त्याला रोज पाणी घातले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मंडळाचे वर्ष कागदोपत्री एप्रिलात सुरू होत असले, तरी खऱ्या अर्थाने ते मृगाबरोबर सुरू होते. पहिला पाऊस पडून हवेत ओल आली, की वड, पिंपळ, उंबर, नांदरुक या वर्गातील झाडांच्या कुंड्या बदलण्याचे काम निघते. तरुण झाड एकदोन वर्षांनी, जुने झाड तीन ते पाच वर्षांनी कुंडीतून काढतात. बांबूच्या काडीने मुळे अलगद मोकळी करतात, सुमारे एक तृतीयांश मुळे छाटून टाकतात, आणि वाळू, विटांचा चुरा व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मोकळ्या मिश्रणात झाड पुन्हा बसवितात. याच दिवसांत गुटी कलमे बांधली जातात. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीची साल इंचभर रुंदीची गोलाकार काढायची, त्यावर ओले शेवाळ बांधायचे, वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा. वड-नांदरुकाला व डाळिंबाला महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसू लागतात. ज्या गावात डाळिंबाची बाग आहे तेथे हे कोणाला शिकवावे लागणार नाही. शहरातील सभासद मात्र पैसे भरून ते शिकतो आणि पहिली मुळी दिसली, की तिचे छायाचित्र सर्वांना दाखवितो. त्याच्या या आनंदाला हसू नये. गुटी बांधणाऱ्या मजुराच्या हातातील कसबाची किंमत त्याला कळली, हे काय थोडे झाले?

श्रावण-भाद्रपदात वाढ जोमाची असते. फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तांब्याची वा ॲल्युमिनियमची तार या दिवसांत काही आठवड्यांतच सालीत रुतते, म्हणून मंडळाच्या बैठकीत तारा कापण्याची घाई चालते. आश्विनात हस्ताचे ऊन पडले, की पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांचा तपास सुरू होतो. थंडीत वाढ मंदावते, पाने स्वच्छ दिसतात, आणि मग प्रदर्शने भरतात. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर बोन्सायचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. छंदाचा पसारा केवढा वाढला आहे याची कल्पना तेथे गेलेल्यांना आली असेल. शिमग्याच्या सुमारास चिंचेसारख्या झाडांना नवी पालवी फुटण्याच्या बेतात असते, तेव्हा त्यांच्या कुंड्या बदलतात. आणि मग येतो उन्हाळा. उथळ तबकातील दोन-तीन इंच माती वैशाखाच्या उन्हात काही तासांत वाळते. गच्चीवरील झाडांना दिवसातून दोनदा पाणी लागते. लग्नाला गावी गेलेला सभासद आपली झाडे दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून जातो. वर्षभर शिकविलेली सारी कला एका चुकलेल्या पाण्याने वाया जाते, हे या मंडळींना फार लवकर कळते. पाणी हे वेळेवर द्यायचे असते, पुष्कळ द्यायचे नसते, हा धडा उसाच्या पट्ट्यात अजून पुरता पोचलेला नाही, हे ओघात सांगितले तर कोणी रागावू नये.

आता या सगळ्यात शेतकऱ्याने घेण्यासारखे काय? सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मुळाकडे पाहण्याची सवय. बोन्साय मंडळात एक वर्ष काढलेल्या माणसाने झाडाची मुळे आपल्या हातांनी उलगडून पाहिलेली असतात. खेड्यात ज्याने आयुष्यभर झाडे लावली, त्याने बहुधा ती कधीच पाहिलेली नसतात. रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतले कलम यायचे, पिशवी फाडायची, गोळा फुटू न देता खड्ड्यात ठेवायचा, माती लोटायची, आणि नंतर झाड दहा-बारा वर्षांचे होऊनही जोर धरीत नाही किंवा वावटळीत मुळासकट आडवे होते, तेव्हा दोष जमिनीला वा नशिबाला द्यायचा. पिशवीत वाजवीपेक्षा अधिक काळ राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी आदळून वळते, वळून गुंडाळले जाते, आणि त्याच्या भोवती उपमुळांची चुंबळ तयार होते. मूळ लाकडासारखे कठीण झाले, की तो वेढा जमिनीत गेल्यावरही सुटत नाही. खोड जाड होत जाते आणि वेढा त्याला आवळत जातो. बोन्सायवाला हाच वेढा काडीने सोडवितो व कात्रीने कापतो. तबकातील झाड शतकभर जगते ते याच एका कामामुळे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प करण्यात आला होता. त्या वेळी खड्डे किती आणि रोपे किती, हे आकडे सर्वांच्या तोंडी होते; पिशवीच्या तळाशी काय झाले आहे, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला. वस्तुतः उपाय अगदी साधा आहे. रोप घेतानाच एखादी पिशवी फोडून दाखवावयास सांगावे. तळाशी मुळांची जाड चुंबळ झालेली असेल, तर ती तुकडी घेऊ नये, मग ती कितीही उंच व हिरवीगार असो. किंबहुना लहान पिशवीतील उंच रोप हेच संशयाचे कारण समजावे. थोडीच मुळे वळलेली असतील तर लावताना तळचा इंचभर भाग धारदार चाकूने कापून टाकावा, आणि गोळ्याच्या बाजूंना तीनचार उभ्या चिरा द्याव्यात. मुळे कापली तर झाड मरेल ही भीती शेतकऱ्याच्या मनात खोल बसलेली आहे. ती घालविण्यास व्याख्यान उपयोगी पडत नाही. जेथे जवळपास असे मंडळ असेल, तेथे कार्यकर्त्यांनी पाचदहा रोपवाटिकाधारकांना जूनमधील कुंडी बदलण्याच्या कामास घेऊन जावे. एक तृतीयांश मुळे कापलेले झाड महिन्याने नव्या पालवीने भरलेले त्यांना दिसले, म्हणजे पुढचे काम आपोआप होईल.

छाटणीच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याने शहराकडे पाहण्याचे कारण नाही. नाशिककडील द्राक्ष बागायतदार एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळ छाटणी करतो. कोणत्या डोळ्यातून काडी निघेल आणि कोणत्या काडीवर घड येईल, हे तो आधी मनात ठरवितो. डाळिंबवाला पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि बहार आपल्या सोयीने धरतो. बोन्साय मंडळातील अनुभवी सभासदाची दृष्टी याहून वेगळी नसते. परंतु आंब्याच्या, चिक्कूच्या जुन्या बागांत छाटणीचे नाव काढले, की आजही मालकाचा हात थरथरतो. पूर्वी आंबा दहा दहा मीटरवर लावीत, तेव्हा हेक्टरी १०० झाडे बसत. आता पाच पाच मीटरवर लावून ४०० बसवितात. अशा घन लागवडीत झाड दरवर्षी आवरले नाही, तर चारपट झाडांची चारपट सावली होते आणि फळ शेंड्याला जाते. घन लागवड स्वीकारायची आणि कात्री हाती घ्यायची नाही, हा व्यवहार पुरा होणारा नाही. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोन्सायमध्ये पाने बारीक करता येतात, फांद्या बारीक करता येतात. पण डाळिंबाचे वा लिंबाचे फळ मात्र लहान होत नाही. वीतभर झाडाला आपल्या नेहमीच्या आकाराचे फळ लागते आणि फांदी वाकते. म्हणून जाणता माणूस अशा झाडावर एखादेच फळ ठेवतो, बाकीची खुडतो. फळांची विरळणी करण्यास तयार नसलेल्या बागायतदाराला याहून चांगले प्रात्यक्षिक दाखविता येणार नाही.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट झाडाशी नव्हे तर बैठकीशी संबंधित आहे. ही मंडळे महिन्यातून एकदा जमतात, आणि जमतात ती हातात झाड घेऊन. झाड मधोमध ठेवले जाते, जाणकार त्यातील दोष तोंडावर सांगतो, मालक ऐकून घेतो. चांगल्या मंडळात मेलेल्या झाडाचीही चर्चा होते: पाणी चुकले की माती, का अवेळी मुळे छाटली. गावोगाव शेतकरी गट स्थापन झाले आहेत, कागदावर त्यांची संख्या समाधानकारक आहे; पण त्यांपैकी कितीएक अनुदानाच्या अर्जापुरते एकत्र येतात आणि अर्ज मंजूर झाला की पांगतात, हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहे. दर महिन्यास एकाच्या शेतातील एक ओळ सर्वांनी मिळून पाहावी, ज्याचे बिघडले त्याने ते लपवू नये, एवढे जरी या शौकीन मंडळींकडून घेतले, तरी गटाच्या नावाला अर्थ येईल. शहरी मंडळांतून स्त्रियांचा वाटा मोठा असतो आणि निर्णय त्या स्वतः घेतात. खेड्यात रोपवाटिकेतील पिशव्या भरणारे, पाणी घालणारे हात स्त्रियांचेच. परंतु प्रशिक्षणाला नाव मात्र घरच्या पुरुषाचे लागते.

जपानमधील ओमिया या गावाची हकिकत या संदर्भात मोठी बोधक आहे. १९२३ च्या भूकंपात टोकियोची धूळधाण झाली, तेव्हा तेथील काही बोन्साय व्यावसायिक चांगले पाणी, चांगली माती व मोकळी जागा शोधत बाहेर पडले आणि १९२५ मध्ये त्यांनी ओमियास आपली वसाहत केली. तेथे राहू इच्छिणाऱ्याने किमान दहा झाडे ठेवावीत, दार सर्वांना उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये, कुंपण हिरवे असावे, असे नियम त्यांनी आपणच आपल्यावर घालून घेतले. दुमजली घर का नको? शेजाऱ्याच्या झाडावर सावली पडू नये म्हणून. बांधावरच्या झाडाच्या सावलीवरून कोर्टात जाणाऱ्या आपल्याकडील भाऊबंदांनी हा नियम दोनदा वाचावा.

आता टाळण्याजोग्या गोष्टीकडे वळले पाहिजे, आणि ती गंभीर आहे. शहरातील छंद वाढला तशी जाड बुंध्याच्या, जुनाट दिसणाऱ्या झाडांना मागणी आली. कुंडीत असा बुंधा तयार होण्यास पुष्कळ वर्षे लागतात. म्हणून डोंगरउतारावरील जुनी करवंदाची जाळी, ओढ्याकाठचा उंबर, पडक्या भिंतीतला पिंपळ यांच्यावर दलालाची नजर जाते. गावातील एखाद्या तरुणाला दिवसाची मजुरी देऊन खुंट खणवून नेले जातात. राखीव वनातून अशी झाडे काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो खणणारा, नेणारा नव्हे. महाराष्ट्रातील ११ व तमिळनाडूतील जिंजी मिळून १२ किल्ल्यांचा २०२५ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तटबंदीत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेले वड-पिंपळ तटाला घातक असतात हे खरे, पण ते काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने व देखरेखीने व्हावयाचे आहे. मूळ ओढताना चिराच निखळून आला, तर तो पुन्हा बसविण्यास कोणी बोन्सायवाला येत नाही. शिवाय या लुटीतून हाती फारसे काही लागतही नाही. जुन्या झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूर पसरलेली असतात. खणलेल्या खुंटाबरोबर येतात ती केवळ जाड मुळे, आणि असे अनेक खुंट दोनचार महिने हिरवे दिसून मग वाळतात. उताराची माती मोकळी होते, गावच्या पोरांची करवंदे जातात, आणि झाड शहरातल्या गच्चीवर मरते. कोणत्याही भल्या बोन्साय मंडळाने खणून आणलेले झाड कोठून आले हे विचारल्यावाचून बैठकीत ठेवू देऊ नये. आणि कार्यकर्त्यांनीही गावात असा दलाल आला तर ग्रामसभेत हा विषय काढण्यास संकोच करू नये.

या मागणीला दुसरे उत्तर आहे, आणि तेही जपानी शेतकऱ्यांनीच दिलेले आहे. ताकामात्सु शहरानजीकच्या किनाशी व कोकुबुंजी या गावांतील लोक सुमारे दोनशे वर्षांपूर्वी समुद्रकाठचे खुरटे पाइन खणून आणून कुंडीत विकीत असत. पुढे त्यांनी ते शेतात, ओळीने, पिकासारखे वाढविण्यास सुरुवात केली. आज जपानमधील पाइन बोन्सायचा बहुतांश माल याच परिसरातील शेतांतून येतो. शेतकऱ्याला येथे कलावंत व्हावे लागत नाही. त्याने करावयाचे ते अर्धेमुर्धे तयार झाड, म्हणजे जाड बुंधा आणि सपाट पसरलेली मुळे. पुढची कलाकुसर ज्याची हौस असेल त्याने करावी.

आपल्याकडे हे काम नांदरुक, वड, उंबर, चिंच, विलायती चिंच व बोगनवेल यांवर करता येण्याजोगे आहे. जपानी सूचिपर्णी झाडांच्या मागे लागू नये. आपल्या मैदानी उन्हाळ्यात ती टिकत नाहीत. रीत अशी: वाफ्यात वीतभर खोलीवर जुने मंगलोरी कौल किंवा सपाट फरशीचा तुकडा ठेवावा, त्यावर माती घालून मुळे फुटलेले छाट कलम वा रोप लावावे. खाली कौल असल्याने मूळ सरळ न जाता आडवे पसरते, आणि हेच तबकातील झाडाला हवे असते. झाड दोन वर्षे मोकळे वाढू द्यावे, मग बुंधा हातभर उंचीवर छाटावा. नव्या फुटीतील एक शेंडा ठेवून पुन्हा वाढवावा, पुन्हा छाटावा. चारपाच वर्षांत कुंडीत वीस वर्षांतही न मिळणारा बुंधा तयार होतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तीन फूट बाय दोन फूट अंतराने, वाट सोडून, दीडशे झाडे त्यात बसतात. वड-पिंपळाच्या जातीचे झाड विहिरीजवळ, घराच्या भिंतीलगत वा शेजाऱ्याच्या बांधावर लावू नये, आणि न विकलेले झाड तसेच शेतात सोडून देऊ नये. पाचव्या वर्षी ते वावर मागू लागते.

तथापि यास कोणी सोन्याची खाण समजू नये. बाजार लहान आहे, गिऱ्हाईक चोखंदळ आहे, आणि पैसा चारपाच वर्षांनी दिसतो. ज्वारीचे वावर मोडून हे करण्याचा सल्ला देणारा मनुष्य शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे. 'आमच्याकडून रोपे घ्या, झाडे आम्हीच परत विकत घेऊ' असे सांगणारे लोक प्रत्येक नव्या पिकामागोमाग येतात. सफेद मुसळीच्या व कोरफडीच्या वेळी किती जणांचे हात पोळले, ते गावोगावच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. येथे रोप विकत घेण्याची गरजच नाही. नांदरुकाची अंगठ्याएवढी काडी फुकट मिळते व पावसाळ्यात सहज रुजते. ज्याची रोपवाटिका आधीच चालू आहे, पाणी आहे, शहर दोनतीन तासांच्या वाटेवर आहे, त्याने एका गुंठ्याने आरंभ करावा, कर्ज काढू नये, आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या मंडळाच्या हिवाळी प्रदर्शनास जाऊन कोणत्या जाडीच्या, कोणत्या जातीच्या झाडापुढे लोक थांबतात ते स्वतः पाहून यावे. काड्या लावावयाच्या त्या मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर; पण वाफे खणून त्यांत कौले रचण्याचे काम वैशाखातच उरकलेले बरे, कारण पेरणीच्या धांदलीत त्यासाठी माणूस मिळत नाही.